एका रुपयावर किती थेंब?

एक रुपयाचं नाणं टेबलावर ठेवा. औषधाच्या बाटलीतला ड्रॉपर स्वच्छ धुऊन त्यात साधं पाणी भरा. पहिला थेंब टाकण्याआधी समोर बसलेल्या पाच-सहा वर्षांच्या मुलाला विचारा, यावर किती थेंब मावतील? उत्तर बहुधा तीन येतं, फार तर पाच. मोठी माणसंसुद्धा दहाच्या पुढे सहसा जात नाहीत. मग थेंब टाकायला लागा आणि मोजायचं काम मुलाकडे द्या.

सुरुवातीचे थेंब एकमेकांत मिसळत नाणं झाकून टाकतात. पाणी काठाशी पोचतं आणि तिथेच थांबतं, सांडत नाही. पुढचे थेंब आत शिरतात तसं पाणी वर फुगायला लागतं. आता डोळे टेबलाच्या पातळीला आणायचे आणि बाजूने बघायचं. नाण्यावर पाण्याचा घुमट उभा असतो, स्वच्छ, भिंगासारखा. वरून पाहिलं तर खालचा आकडा जरा मोठा दिसतो. अठरा, एकोणीस, वीस. प्रत्येक थेंबाला घुमट थरथरतो आणि पुन्हा सावरतो. मूल बोलायचं थांबलेलं असतं. मग एका थेंबाला काठावरची एक जागा सुटते आणि सगळं पाणी त्या बाजूने एकदम ओघळून जातं.

बहुतेक घरांत प्रयोग इथे संपतो. टाळ्या होतात, नाणं पुसलं जातं, पुढचं काय ते शोधलं जातं. पण खरा प्रयोग इथून सुरू होतो. नाणं कोरडं करून पुन्हा थेंब टाकले की आकडा वेगळा येतो. पहिल्यांदा चोवीस आला असेल तर दुसऱ्यांदा एकोणतीस, तिसऱ्यांदा बावीस. मग मूलच विचारतं, खरं उत्तर कुठलं? या वयात याहून चांगला प्रश्न मिळत नाही. ड्रॉपर उभा धरला होता की तिरका? तिरका धरला तर थेंबाचा आकार बदलतो. थेंब बोटभर उंचीवरून सोडला की वीतभर? उंचावरून पडलेला थेंब घुमटाला धक्का देतो. नाणं नीट पुसलं होतं का? टेबल हललं का? एकेक गोष्ट सारखी करत गेलं की आकडे जवळजवळ यायला लागतात, आणि मोजणं म्हणजे काय ते मुलाच्या हाताला कळतं.

मग एकच गोष्ट मुद्दाम बदलायची. वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब मिसळा आणि त्या पाण्याने मोजा. घुमट उभाच राहत नाही, निम्म्याच्या आसपासच पाणी ओघळतं. पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात आणि साबण ती पकड सैल करतो. सहा वर्षांच्या मुलाला एवढं पुरे, ‘पृष्ठताण’ हा शब्द पुढे शाळेत भेटेलच. फक्त त्यानंतर ड्रॉपर तीन-चार वेळा खळखळून धुवा. नाहीतर साध्या पाण्याचा आकडाही कमी येत राहतो आणि कारण सापडत नाही.

घरच्या विज्ञानाबद्दल आमचं सांगणं या नाण्यात सगळं येतं. रोज नवा प्रयोग नको. तोच प्रयोग दुसऱ्यांदा करा, एकच गोष्ट बदलून, आणि प्रत्येक वेळी आधी अंदाज विचारून. पहिल्या वेळी मूल गंमत बघत असतं. दुसऱ्या वेळी त्याच्या डोक्यात काहीतरी असतं आणि ते खरं की खोटं हे त्याला बघायचं असतं. शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी १८६०-६१ च्या नाताळच्या सुट्टीत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी सहा व्याख्यानं दिली होती. सहाच्या सहा एका मेणबत्तीवर होती.

सामानासाठी पेटी विकत आणायची गरज नाही. तयार पेटीत प्रत्येक वस्तू मोजून दिलेली असते, त्यामुळे प्रयोग एकदाच होतो आणि काही बदलायला वाव राहत नाही. अरविंद गुप्ता यांनी सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि काडेपेटीच्या काड्या घेऊन त्रिकोण, चौकोन, घनाकृती कशा करायच्या ते दाखवलं. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंपासून केलेली त्यांची खेळणी वर्षानुवर्षं मुलांच्या हातात खेळली. घरात दोन ड्रॉपर, एक नरसाळं, चार सारख्या वाट्या, मापाचे चमचे आणि औषधाबरोबर येणारं प्लॅस्टिकचं मोजमापाचं झाकण असलं की सहा महिने निघतात. बाकीचं ओट्यावर आहेच.

ओट्यावर पहिली आठवते ती हळद. हळदीचा डाग पडलेल्या शर्टाला साबण लावला की डाग लालभडक होतो, हे घरोघरी माहीत आहे. पण तो पुन्हा पिवळा कधी होतो, हे फारसं कुणी थांबून बघत नाही.

एक लहान चमचा हळद आणि तीन चमचे पाणी कालवून कापसाच्या बोळ्याने जाड कोऱ्या कागदावर पातळ हात फिरवा. कागद सावलीत, पंख्याखाली वाळवा. वाळला की दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या कापा. हळद पाण्यात नीट विरघळत नाही, नुसती तरंगते, म्हणून पट्टी जरा खरखरीत आणि ठिपक्यांची होते. एकसारखी हवी असेल तर पाण्याऐवजी पातळ, अल्कोहोलवालं सॅनिटायझर घ्या. दहा मिनिटांनी गाळ खाली बसला की वरचा स्वच्छ पिवळा द्रव वापरा. हे काम मोठ्यांनीच करायचं आणि तेव्हा घरात गॅस किंवा निरांजन पेटतं ठेवायचं नाही.

आता वाट्या मांडा. अंगाच्या वडीचं साबणपाणी, कपड्यांच्या पावडरीचं पाणी, खायच्या सोड्याचं पाणी, लिंबू, चिंचेचा कोळ, ताक, साधं पाणी. मिळाली तर लाकडाची राख पाण्यात ढवळून निथळून घ्या. प्रत्येक वाटीत पट्टी बुडवण्याआधी मुलाने रंग सांगायचा. वडीचा साबण आणि कपड्यांची पावडर पट्टी विटकरी लाल करतात. राखेचं पाणीही करतं. पूर्वी भांडी राखेने का घासायचे, त्याचा अर्धा उलगडा इथेच होतो.

दोन ठिकाणी हिरमोड होतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो. पहिला खायच्या सोड्याचा. हळद तांबडी व्हायला पाणी जेवढं अल्कधर्मी लागतं, त्याच्या उंबरठ्यावरच खायचा सोडा असतो. त्यामुळे लालऐवजी मळकट नारिंगी रंग येतो आणि पट्टी बिघडली असं वाटतं. दुसरा लिक्विड साबणांचा. शाम्पू, हात धुवायचं लिक्विड, भांड्यांचं लिक्विड यांतली बरीचशी उदासीन किंवा किंचित आम्लधर्मी असतात आणि पट्टी पिवळीच राहते. ‘साबण म्हणजे लाल’ असा नियम मुलाने मनात बांधलेला असेल तर तो इथे मोडतो. मोडू द्यावा. सगळे साबण एका जातीचे नाहीत हे त्याने स्वतः शोधलेलं असतं.

लिंबू, चिंच, ताक आणि साधं पाणी, चौघांतही पट्टी पिवळीच. हळद आम्ल आणि पाणी यांत फरक करू शकत नाही, तिला फक्त एकच बाजू दिसते. दुसरी बाजू बघायची तर गोकर्णाची फुलं हवीत. दहा-बारा निळ्या गोकर्णीच्या पाकळ्या अर्धा कप गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवल्या की शाईसारखं निळं पाणी उतरतं. त्यात लिंबाचे थेंब पडले की ते जांभळं आणि मग गुलाबीकडे जातं. सोड्याने हिरवट निळं होतं, कपड्यांच्या पावडरीने हिरवं. लाल जास्वंदही चालते, फक्त तिचं पाणी बुळबुळीत होतं. हे पाणी दोन दिवसांत वास मारायला लागतं, म्हणून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा आणि लागेल तसा एकेक खडा काढा.

हळदीकडे परत येऊ. लाल झालेल्या पट्टीवर लिंबाचा थेंब टाका. पिवळी. पुन्हा साबण, लाल. पुन्हा लिंबू. हे जाणं-येणं मुलं वीस-वीस मिनिटं करत बसतात आणि त्यांना बसू द्यावं. शर्टावरचा डाग साबण निघून गेल्यावर पिवळा का होतो, ते आता सांगावं लागत नाही. एक पट्टी अर्धी वहीखाली झाकून गच्चीत ठेवा. दोन-तीन कडक उन्हांत उघडा भाग फिका पडतो, झाकलेला पिवळाच राहतो. डाग पडलेला कपडा उन्हात वाळत घालावा हे घरातल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पट्टी सावलीत वाळवायची ती याच कारणाने.

हळदीला चुना लावला की ती कुंकवासारखी लाल होते, आणि पारंपरिक कुंकू हळदीपासूनच होतं. सोलापूर जिल्ह्यातलं केम त्यासाठी ओळखलं जातं. मुलाला हे दाखवायचा मोह होणारच. दाखवा, पण चुना मोठ्यांनी टूथपिकच्या टोकावर घेऊन पट्टीला लावायचा. पानाच्या चुन्याची पुडी मुलाच्या हातात अजिबात द्यायची नाही. ती दाबली की फुटते, चुना डोळ्यात उडतो आणि बुबुळाला कायमची इजा होऊ शकते. देशभरातल्या नेत्रतज्ज्ञांनी अशा घटना नोंदवल्या आहेत. उडालाच तर डोळा नळाच्या वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटं धुवायचा आणि थेट डॉक्टरांकडे जायचं.

सोडा आणि व्हिनेगर म्हटलं की सगळे ज्वालामुखी करतात. मातीचा डोंगर करायला दोन तास, रंगवायला एक तास, फेस वीस सेकंद. मुलाच्या लक्षात डोंगर राहतो. त्यापेक्षा अर्ध्या लिटरची बाटली आणि फुगा घ्या. बाटलीत १०० मिली पांढरं व्हिनेगर ओता. फुगा आधी एकदा तोंडाने फुगवून त्यातली हवा काढून टाका, नवा फुगा ताठ असतो आणि गॅसला दाद देत नाही. नरसाळ्याने फुग्यात एक सपाट लहान चमचा खायचा सोडा भरा. फुगा खाली लोंबता ठेवून त्याचं तोंड बाटलीला चढवा, आणि सगळं तयार झालं की फुगा उचलून त्यातला सोडा बाटलीत झटका.

फुगा उभा राहिला की त्याच्या पोटाभोवती दोरा गुंडाळून खूण करा. मग तेवढंच व्हिनेगर नव्याने घेऊन अर्धा चमचा सोडा, मग दोन चमचे, मग तीन. अर्ध्या चमच्याला फुगा लहान, एकाला मोठा. दोनाला मुलं दुप्पट फुग्याची वाट बघतात आणि फुगा जवळजवळ तेवढाच राहतो. तीन चमच्यांनाही तेच. बाटलीच्या तळाशी मात्र पांढरा सोडा तसाच पडलेला दिसतो. बाजारातल्या ४ टक्क्यांच्या व्हिनेगरचे १०० मिली पाच-साडेपाच ग्रॅम सोड्यालाच पुरतात, म्हणजे एका लहान चमच्याला. पुढचा सोडा जोडीदाराविना बसून राहतो. ‘आता व्हिनेगर वाढवून बघू’ हे वाक्य मुलाच्या तोंडून आलं की आपण गप्प बसायचं आणि बाटली पुढे करायची.

व्हिनेगर नसेल तर दोन-तीन लिंबांचा मिळून ५० मिली रस अर्ध्या चमचा सोड्याला बरोबर होतो. सोडा खायचाच हवा. बेकिंग पावडरमध्ये आम्ल आणि स्टार्च आधीच मिसळलेले असतात, त्यामुळे मोजमाप जुळत नाही. धुण्याचा सोडा कातडीला आणि डोळ्यांना झोंबतो, तो मुलांच्या प्रयोगात नको. आणि बाटलीला फिरकीचं झाकण लावून ‘काय होतं बघू’ असं कधीच नाही.

याच गॅसचं एक रूप आम्हाला फार आवडतं. खोल पातेल्यात एक चमचा सोडा, त्यावर व्हिनेगर. फेस बसेपर्यंत थांबा. मग पातेलं पेटत्या पणतीवर हळूच तिरकं करा, आतलं पाणी काठाशी येऊ न देता. पातेल्यातून काहीच पडताना दिसत नाही आणि पणती विझते. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, तो पाण्यासारखा ओतता येतो. पंखा चालू असेल तर हे जमत नाही, गॅस वाटेतच उडून जातो.

आता ताटलीतली मेणबत्ती. ताटलीत बोटभर पाणी, त्यात निळीचा थेंब, मध्ये वाढदिवसाची मेणबत्ती मेणाच्या थेंबावर उभी केलेली, वरून काचेचा ग्लास उपडा. ज्योत विझते, पाणी ग्लासात चढतं. हा प्रयोग कित्येक पिढ्यांना एका वाक्यासह शिकवला गेला आहे: हवेत एकपंचमांश ऑक्सिजन असतो, तो जळून संपला, म्हणून पाणी तेवढं चढलं. वाक्य नीटनेटकं आहे आणि चुकीचं आहे. ते मुलांच्या गळी उतरवणं थांबायला हवं. एवढ्या सुंदर प्रयोगाची त्यात माती होते.

नीट बघा. ज्योत जळत असते तोवर पाणी जवळजवळ हलत नाही. ऑक्सिजन संपत जाण्याने ते चढत असतं तर सावकाश, जळता जळता चढलं असतं. प्रत्यक्षात ज्योत विझली की पुढच्या काही सेकंदांत ते भरभर चढतं. आता एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा, ग्लास तोच. हवा तेवढीच, ऑक्सिजन तेवढाच, पण पाणी जास्त चढतं. ग्लास ठेवतानाच कडेने बुडबुडे बाहेर पडतात, तेही मुलाला दाखवा. ज्योतीने तापलेली हवा फुगून बाहेर गेलेली असते, विझल्यावर उरलेली हवा गार होऊन आकसते आणि बाहेरची हवा ताटलीतलं पाणी आत ढकलते. काचेवर आतून धुकं धरतं, त्या वाफेचं पाणी होण्याचाही थोडा वाटा आहे. ज्योतीने सगळा ऑक्सिजन संपवलेलाच नसतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण २१ टक्क्यांवरून १६ च्या आसपास आलं की मेणबत्ती तग धरत नाही.

मोठ्यांची ही अडचण खरी आहे. आपण जे पाठ केलं तेच बरोबर, असं मनात पक्कं असतं. तीन मेणबत्त्या लावून बघायला दोन मिनिटं लागतात. मेणबत्ती मोठ्यांनी पेटवायची, मुलाचे केस बांधलेले, बाह्या वर, आणि शेजारी पाण्याचा तांब्या.

ज्यांना आग नको त्यांच्यासाठी एक लिटरची रिकामी प्लॅस्टिकची बाटली. झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि तासाने काढा. बाटलीचं पोट आत गेलेलं असतं. ३० अंशांवरची एक लिटर हवा ५ अंशांवर आली की सुमारे ८० मिलीने कमी होते. बाहेर ठेवली की थोड्या वेळाने टक्‌ असा आवाज होतो आणि बाटली सरळ. आधी तीच ठेवा, मग मेणबत्ती. मूल पाण्याचं कोडं स्वतः सोडवण्याची शक्यता त्याने वाढते.

हळद परत पिवळी होते, बाटली परत सरळ होते. दुधाचं दही झालं की परत दूध होत नाही. हा फरक लहान मुलांना जाणवतो आणि त्यासाठी विरजणाचा प्रयोग हातचा सोडू नये. आमच्या मते मराठी घरात करता येण्यासारखा हा सगळ्यात समृद्ध प्रयोग आहे, आणि तो रोज रात्री ओट्यावर चाललेलाच असतो.

एकाच पातेल्यातलं तापवलेलं दूध चार सारख्या वाट्यांत, प्रत्येकी १०० मिली. पहिल्या वाटीत कोमट दूध, म्हणजे धुतलेलं बोट बुडवून दहा मोजता येतील इतपत, साधारण ४० अंश. त्यात अर्धा लहान चमचा ताजं, आंबट नसलेलं विरजण ढवळा. दुसऱ्या वाटीत तसंच कोमट दूध, विरजण नाही. तिसऱ्यात फ्रिजमधलं गार दूध आणि विरजण, आणि ती वाटी पुन्हा फ्रिजमध्ये. चौथ्यात उकळी फुटत असलेलं दूध घालून लगेच तेवढंच विरजण. ही मोठ्यांनी करायची. वाट्यांना चिकटपट्टीवर आकडे लावा, झाका. निजण्याआधी मुलाकडून चारही वाट्यांचा अंदाज चित्र काढून घ्या.

सकाळी पहिली वाटी घट्ट लागलेली असते, तिरकी केली तर हलत नाही. बाकीच्या तीन दुधाच्याच. इथे मोठी माणसं समजावून सांगायला लागतात. थांबा. तिसरी वाटी फ्रिजमधून काढून ओट्यावर ठेवा. संध्याकाळपर्यंत, उन्हाळा असेल तर त्याआधीही, ती लागते. चौथीत आता पुन्हा अर्धा चमचा ताजं विरजण घाला. तीही बहुधा लागते. म्हणजे दूध ठीक होतं, विरजण मेलं होतं. गारव्याने विरजणातले जीव झोपतात, उकळत्या दुधात मरतात. हे वाक्य पुस्तकातून आलं तर एक कान ऐकतो. वाट्यांमधून आलं तर मूल पुढच्या थंडीत आजीला सांगतं की पातेलं तांदळाच्या डब्यात का ठेवतेस ते मला माहीत आहे. पुण्या-नाशकाकडे डिसेंबरच्या रात्री दही लागत नाही, त्याचं कारण तिसरी वाटीच सांगून गेलेली असते.

चूक होते ती दोन ठिकाणी. विरजण फार आंबट किंवा जास्त असलं तर चौथ्या वाटीतलं दूध लागत नाही, फाटतं. आणि चौथीचं दूध वाटीत ओतून दोन मिनिटं निवलं, मग विरजण पडलं, तर काही जीव तगतात आणि अर्धवट काहीतरी होतं. दुसरी आणि चौथी वाटी रात्रभर बाहेर राहिलेली असते, ती चाखायची नाही. पहिलीचं दही जेवणात घ्यावं.

बाकीचे प्रयोग भरभर सांगतो, ते सोपे आहेत. नागपुरी संत्रं पाण्यात टाका, तरंगतं. सोला आणि टाका, बुडायला हवं. पण सबंध गर कधी कधी तरंगतो, कारण मधल्या पोकळीत हवा असते. फोडी सुट्या करा, बुडतात. सालीखाली आणि मध्ये दडलेली हवा हे सगळं करत होती. अंडं किंवा छोटा बटाटा साध्या पाण्यात बुडतो. ग्लासभर पाण्यात मीठ ढवळत जा आणि चमचे मोजा. दोन-अडीच मोठे चमचे मीठ विरघळलं की तो वर यायला लागतो. पाणी गढूळ दिसलं तर मीठ अजून विरघळलेलं नाही, धीर धरा. अंडं साध्या पाण्यातच तरंगलं तर ते जुनं आहे. पाण्यावर मिरपूड भुरभुरवून साबणाचं बोट लावलं की ती काठाकडे पळते. न पळाली तर ताटलीला आधीचाच साबण राहिलेला आहे, आणि त्याच पाण्यात दुसऱ्यांदा तर ती पळणारच नाही. का नाही, हे नाण्याचा प्रयोग केलेलं मूल सांगू शकतं.

पाच वर्षांखालच्या मुलांसाठी एक सक्त नियम: बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या आणि बारीक, जोरदार चुंबकं घरच्या प्रयोगात आणायचीच नाहीत. अशी बॅटरी गिळली गेली तर अन्ननलिकेत दोन तासांतही खोल भाजू शकतं.

वही ठेवा, पण लिहिण्यासाठी नाही, चित्रांसाठी. पानाच्या मध्ये रेघ, डावीकडे ‘मला वाटलं’, उजवीकडे ‘झालं’. डावीकडचं चुकलेलं चित्र खोडायचं नाही. मुलं खोडायला धावतात, कारण शाळेत चूक म्हणजे लाल रेघ. इथे ते चित्र तसंच हवं. पुढच्या वेळी अंदाज कशावरून बदलला हे त्याच्याशिवाय कळत नाही.

आणि मे महिन्यात एक प्रयोग गच्चीत. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे वर्षातून दोनदा भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाखाली जाते. कोल्हापूरकडे हे मेच्या पहिल्या आठवड्यात होतं, पुण्यामुंबईत मेच्या मध्याला, नागपुरात २६ मेच्या सुमारास. एक सरळ पाइपचा तुकडा किंवा उभट ग्लास सपाट फरशीवर ठेवा, आणि आठवडाभर आधीपासून रोज बाराला सुरुवात करून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करा. मुंबईत सावली सगळ्यात आखूड होते ती बाराला नाही, १२ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास. नागपुरात १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखावृत्तावर लावलेलं आहे आणि सूर्य तिथून आपल्याकडे यायला तेवढा वेळ घेतो. सूर्याकडे मान वर करून बघायचं नाही, फरशीकडेच बघायचं.

सूर्य दुसऱ्यांदा डोक्यावर येतो, मुंबईत जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. तेव्हा बहुधा आभाळ भरलेलं असतं. पाइप तरीही ठेवा. फरशीवर सावली नसतेच, आणि मेमधल्या खुणा पाठ झालेलं मूल विचारतं, आजही शून्य सावली, मग त्या दिवसाची शून्य आणि आजची शून्य एकच का? खडू त्याच्या हातात द्या आणि ऊन पडेपर्यंत थांबा.